गाडी दारापर्यंत येईल

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्ष वाकायला कंबर आता परवानगी देत नाही, तेव्हा कागदावर पूर्ण आडवा झालो आहे असं समज.) तुझे गुडघे कसे आहेत? सांगितलेले व्यायाम करतेस, की व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीलाच कामाला लावतेस? भावोजींच्या कानातलं यंत्र बसलं का नीट? मागे ते मला म्हणाले होते की यंत्र झकास आहे, फक्त तू बोलायला लागलीस की बॅटरी उतरते. आम्ही इकडे खुशाल आहोत. म्हणजे काल दुपारपासून खुशाल आहोत. त्याच्या आधी काय होतो, ते सांगायलाच हे पत्र.

तू फोनवर एकच प्रश्न विचारलास आणि उत्तर न ऐकता फोन ठेवलास, की जन्मभर ज्याने शिवणयंत्रावर बसून लोकांचे ब्लाउज आणि विजारी शिवल्या, त्याला या वयात ट्रॅक्टर कशाला हवा? तर ताई, तू शेवटची आलीस तेव्हा अर्ध्या पायऱ्या चढून खाली बसलीस. आम्ही चहा तिथेच आणला. तू तो हसत प्यालीस, मान वर करून घराकडे बघितलंस, ‘छान दिसतंय’ म्हणालीस आणि तिथूनच माघारी गेलीस. तुझी भावजय त्या दिवशी जेवली नाही. मी जेवलो, पण चव कळली नाही. बहीण आपल्या घराच्या पायरीवरून परत जाते हे मला सहन होत नाही, आणि गाडी दारापर्यंत येत असेल तरच येईन असं तू बजावलंस, तेही मी विसरलेलो नाही. घराच्या बाजूने वर येणारी ती जुनी खाचखळग्यांची वाट आहे ना, तिचाच रस्ता करायचा ठरवलं. पण फाटक आणि खाली राहणाऱ्या मास्तरांची भिंत यांच्यामधून मोठं यंत्र शिरेना. जो तो येऊन बघायचा, मान हलवायचा आणि चहा पिऊन जायचा.

अशात मी एक फावडं आणायला अवजारांच्या दुकानात गेलो. तिथे तो उभा होता. लहानखुरा, लाल, पुढे माती उचलायची बकेट आणि मागे खोदायचा लांब हात. (त्या हाताला बॅकहो म्हणतात. आपल्या घरात त्याला नुसतं ‘शेपूट’ म्हणतात.) दुकानदार महा वस्ताद माणूस. त्याने मला ट्रॅक्टर विकलाच नाही, त्याने मला ट्रॅक्टरच्या वस्तू दाखवल्या. हे पुढे लावायचे काटे, ओझी उचलायला. हे मागे लावायचं पातं, जमीन सारखी करायला. हे गिरमिट, खांबांना खड्डे पाडायला. हे गवत कापायला. मी साधं ‘हं’ म्हणायचो आणि तो एकेक वस्तू बाजूला काढून ठेवायचा. शिवणयंत्राला काजं करायची पट्टी वेगळी आणि झालरीची वेगळी घेणारा माणूस मी, मला त्यात वावगं ते काय वाटणार? फावडं घ्यायचं मात्र राहिलं.

घरी आल्यावर तुझी भावजय काय म्हणाली ते लिहीत नाही, कारण ती काहीच म्हणाली नाही. तिने फक्त ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली आणि याला ठेवायचा कुठे असं विचारलं. तेव्हापासून मी न सांगता भाजी चिरून देतो. (न बोलणाऱ्या बायकोपुढे माणूस किती कामसू होतो, हे भावोजींना विचार. त्यांना मात्र तो अनुभव कधी मिळाला नसावा.) शिवाय ही अवजारं बदलणं म्हणजे काही दोरा बदलणं नव्हे. शेपूट काढायचं तर अख्खी दुपार जाते, दोन खिळी निघतात, तिसरी रुसते. त्यामुळे आमच्या घरचा कारभार हल्ली गरजेप्रमाणे चालत नाही, ट्रॅक्टरला जे जोडलेलं असेल त्याप्रमाणे चालतो. गिरमिट लावलं होतं त्या आठवड्यात आम्ही कपडे वाळत घालायला खांब रोवले. इतके रोवले की आता कपडे कमी पडतात. मग हिने कुंड्या हलवायला सांगितल्या, म्हणून मी पुढची बकेट काढून काटे लावले. काढाकाढी सपाट जागेवरच करायची असं दुकानदाराने बजावलं होतं, आणि आपल्याकडे सपाट जागा एकच, खाली फाटकापाशी. म्हणून बकेट तिथे ठेवली. मागे शेपूट जोडलेलं, म्हणून सारखं करायचं पातंही तिथेच. एवढं ध्यानात ठेव.

आता चराकडे येतो. नळवाला म्हणाला, रस्ता करण्याआधी मधोमध एक आडवा चर खणून त्यात पाइप घाला, नाहीतर वरचं पाणी रस्ता वाहून नेईल. त्याने रुंदी सांगितली, मी टेप लावून खुणा केल्या. पण ताई, हाताची सवय कुठे जाणार? कापड कापताना आपण मापावर कापत नाही, शिलाईसाठी दोन्हीकडे माया सोडतो. मी चरालाही माया सोडली. या बाजूला सोडली, त्या बाजूला सोडली, खालीही सोडली. आणि खोटं कशाला बोलू, मजा फार येत होती. माती मऊ, हात लोण्यातून जावा तसा जात होता. मी सुटलो. खालचे मास्तर (जन्मभर शाळेत कवायत घेतलेले, अजून गळ्यात शिट्टी घालून बागेला पाणी घालतात) भिंतीपलीकडून शिट्टी वाजवत होते. मला वाटलं कौतुक करताहेत. काम थांबवून पाहिलं, तर चर माझ्या उंचीचा, उडी मारून ओलांडता येणार नाही इतका रुंद, त्याच्या वरच्या अंगाला मी आणि ट्रॅक्टर, आणि खालच्या अंगाला बकेट, पातं, पाइप आणि शिट्टी वाजवणारे मास्तर.

म्हणजे बघ, खड्डा बुजवायची सगळी आयुधं पलीकडे आणि खड्डा करणारा अलीकडे. माणसांना पायऱ्यांनी ये-जा करता येत होती, पण बकेट काही काखोटीला मारून पायऱ्या चढता येत नाही. मी आणि मास्तरांनी करून पाहिलं. पहिल्याच पायरीवर मास्तरांनी शिट्टी वाजवली आणि दोघंही खाली बसलो. त्यात रविवारी तू येणार. मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं, की तुझी गाडी फाटकातून आत येते, चरापाशी थांबते, तू काच खाली करून आत वाकून बघतेस आणि गाडी वळवतेस. पायरीवर निदान चहा तरी झाला होता. मी चराच्या काठावर बसून राहिलो. तोंड दाखवायला जागा उरली नाही असं म्हणतात, माझ्याकडे तोंड लपवायला जागाच जागा होती.

तिथे तुझी भावजय आली. चर बघून ओरडेल असं वाटलं होतं. ती शेपटाकडे बघून म्हणाली, “एवढा लांब हात दिलाय त्याला, तर पलीकडचं अलीकडे घ्या की.” झालं! मास्तरांनी पलीकडून साखळी अडकवली, मी हात लांब केला, आणि कपाटावरचा डबा काढावा तशी बकेट उचलून अलीकडे घेतली. मग पातं घेतलं. मग पाइप उचलून सरळ चरातच ठेवला. मास्तर एका शिट्टीला वर, दोन शिट्ट्यांना खाली अशी कवायत घेत होते. मी इतका आज्ञाधारक शाळेतही नव्हतो. पुढचे दिवस माती लोटली, दाबली, पातं फिरवलं, खडी पसरली. काल दुपारी मास्तरांनी आपली गाडी फाटकातून वर आणली. चरावर आली तेव्हा मी डोळे मिटले. उघडले तर गाडी दारात उभी आणि मास्तर हॉर्न वाजवत होते. (शिट्टी घरी विसरले होते.) ताई, मला इतका आनंद माझ्या दुकानाची पाटी लागली तेव्हाही झाला नव्हता. रविवारी तू दारात उतरायचं, एकही पायरी न चढता आत यायचं, आणि आल्या आल्या जायचं नाव काढायचं नाही.

मोठ्यांना नमस्कार, धाकट्यांना जे जे चालेल ते ते.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. : फाटकातून आत आल्यावर गाडी डावीकडे ठेव. उजवीकडे खांब आहेत. बरेच आहेत.

ता. क. : आता मुद्द्याचं. ट्रॅक्टर घ्यायची कल्पना तुझी होती असं मी हिला सांगितलंय. तू फोन करून मला गळ घातलीस, मी मोडता घालत होतो, पण थोरल्या बहिणीचा शब्द मोडवेना, असं. रविवारी विषय निघाला तर कृपा करून नुसती मान डोलव.

ता. क. : तुझ्याशी खोटं बोलवत नाही. दुकानात त्याला पाहिलं तेव्हा तुझे गुडघे माझ्या डोक्यात नव्हते. आधी तो आवडला, गुडघे नंतर आठवले. पण एकदा आठवल्यावर मात्र प्रत्येक खोरं तुझ्यासाठीच ओढलं.

ताई, नमस्कार. पाकीट चिकटवायला ह्यांनी माझ्याकडे दिलंय, म्हणून चार ओळी. कल्पना तुमची नव्हती हे मला ठाऊक आहे. ती माझी होती. तुम्ही पायरीवरून परत गेलात त्यानंतर मी त्या दुकानात जाऊन ट्रॅक्टर बघून आले, दुकानदाराशी बोलले आणि मग ह्यांना फावडं आणायला धाडलं. घरात दोन फावडी होती. घरातून विरोध दिसल्याशिवाय हे कुठलीच गोष्ट मनापासून करत नाहीत, म्हणून मी गप्प राहिले. पण हे त्यांना कळू देऊ नका. मला ट्रॅक्टर पटलेला नाही असं वाटतंय तोवर भाजी चिरून मिळते. तेव्हा रविवारी ह्यांच्यासमोर ट्रॅक्टरला जरा नावं ठेवा. मी तुमचीच री ओढेन.