निळ्या टबातली माती

२६ जुलै, शनिवार

बारडोलीची माती १९. खाडीची ४. फक्त चार!

तीनदा मोजलं, तेव्हा कुठे लिहिते आहे. एक माती बारडोलीच्या उसाच्या शेतातली. दुसरी आम्ही राहतो त्या भेस्तानमागच्या खाडीकाठची, जिथे मिलचं रंगाचं पाणी सुटतं. आठवडाभर दोन्ही बंद बरण्यांत. मातीतले जिवाणू श्वास सोडतात, तो बरणीतल्या छोट्या बाटलीतलं द्रावण शोषून घेतं. किती शोषला ते मोजायचं, एवढंच. खाडीची माती जवळजवळ श्वासच सोडत नाही. रंग, क्षार, धातू — रोजचं कोण सोसेल?

माझे गाईड भूपेंद्रसर म्हणाले, "बीजो सेट कर." म्हणजे दुसरा. लॅबमध्ये माती वाळवायला जागा नाही, म्हणून दोन टब घरी, गॅलरीत. निळ्यात खाडीची, लालमध्ये बारडोलीची. दोन्हींवर नावं लिहिली. तरी येता-जाता वाचून बघते.

पप्पा खाडीकाठच्याच एका मिलमध्ये, रंगखात्यात, बावीस वर्षं. जेवताना विचारलं, "मयू, मंग ती माटी मरी गयी का?" मी म्हटलं, मेली नसेल, दबलीय. आई भाकरी थापता थापता थांबली होती.

३ ऑगस्ट, रविवार

कानबाई! श्रावणातल्या या देवीसाठी सगळे भाऊबंद आमच्या दोन खोल्यांत. पुरण, खीर, प्रसादाचे गुळाचे रोट. रोटाचा घासही बाहेरच्याला द्यायचा नाही. रोट खाऊन हात धुतलेलं पाणीसुद्धा गटारात जाता कामा नये, मातीतच जिरलं पाहिजे. गावाला अंगणात खड्डा करतात. इथे चौथा मजला! आईने सगळ्यांना परातीत हात धुवायला लावले.

रंजनाकाकू म्हणाली, "एमेस्सीबाई, फुगडी खेळशी का त्याना बी रिपोर्ट लिखशी?" खेळले. पाय दुखतायत. छान वाटतंय.

५ ऑगस्ट, मंगळवार

माती चाळून बरण्या बंद केल्या. निळ्या टबात तळाशी ढेकळं होती. दमट हवेने असेल.

१२ ऑगस्ट, मंगळवार

बारडोली १८. खाडी ३१!!

सर खुर्चीतून उठलेच. "अरे वाह! जमीन पोते ज सुधरे छे!" माती आपली आपणच सुधारतेय — सोमवारच्या सेमिनारला हेच मांडायचं, आणि मीच मांडायचं. रिक्षात एकटीच हसत होते. वाटेत पांडेसरा आलं आणि हसू थांबलं. इतक्या थोड्या दिवसांत चाराचे एकतीस? कसे?

१३ ऑगस्ट, बुधवार

मोजणीचं ॲसिड नवीन बनवलं. पुन्हा मोजलं. ३१च. मग बरणीला नाक लावलं. आंबूस वास. आणि त्याखाली — गूळ.

घरी शिरताशिरताच विचारलं, "आई, निळ्या टबात काही टाकलंस?"

"रोटनं पानी."

"माझ्या सॅम्पलमध्ये?"

"मंग कोठे वतू? गटारमा? चौथा मजलावर माटी शे कोठे?"

"तुला काही कळत नाही!" मी ओरडले. आईवर. पप्पांनी टीव्ही बंद केला. ते चौथीपर्यंत शिकलेले, आई शाळेतच गेली नाही. हे वाक्य या घरात मीच बोलायला नको होतं.

सांगितलं नाही तर कुणालाही कळणार नाही. आकडा खोटा नाही, मीच तर मोजलाय. पण आता तो वहीत बघवत नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार

सरांना सांगितलं. दारातच, बसायच्या आधी — बसले असते तर धीर झाला नसता. म्हटलं, सेमिनारमधून माझं नाव काढा.

सरांनी चष्मा काढून पुसला. मग खो खो हसले. "तारी मम्मीने कहे, फरी रेडे. पण आ वखते मापीने!" पुन्हा ओत म्हणे, पण मापून!

मग म्हणाले, मेलेल्या मातीला गूळ दिला तर ती खाणार नाही. ही खात असेल तर आत कुणीतरी जिवंत आहे. अर्थात त्या पाण्यात आमच्या हातांचे जिवाणूही होते! म्हणून आता गुळाचं पाणी उकळून, गार करून, दोन्ही मातींना सारखंच. आणि एकेक बरणी उपाशी. सेमिनारला जुनेच आकडे, माझ्याच तोंडून.

निघताना सरांनी विचारलं, "पण बेमांथी एक ज टबमां केम?" दोन टब असताना एकातच का? मला ठाऊक नव्हतं. आईशी धड बोलणंच नाही कालपासून.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

खाडी, उपाशी — ४. खाडी, गूळ देऊन — १७. बारडोली, गूळ देऊन — ४०.

एकतीस नाही. सतरा. पण खरे सतरा! माती मेलेली नाही. चारदा मोजलं, आता पुरे.

येताना आईला आवडणारा खमण आणला. "चुकलं माझं," म्हटलं. ती म्हणाली, "चटनी कमी दिधी त्यानी." मिटलं.

२३ ऑगस्ट, शनिवार

आईला विचारलं, टब शेजारी शेजारी होते, मग निळ्यातच का ओतलंस?

"बारडोलीनी माटी लोकेसनी शे. रोट बाहेरना लोकेस्ले देतस का? खाडीनी आपली शे. बावीस वरीस व्हयनात, तुन्हा बापना हातना रंग पी ऱ्हायनी ती."