पिशवीतली खार

६ जुलै
डेंटिस्टबाई आज माझ्यावर घसरलीच! शाळेपासूनची मैत्रीण, पण खेळात दयामाया नाही. "पिशवीतली खार म्हणजे सामान का जीव? एकदाचं ठरव." खेळ मी चालवते — गोष्ट माझी, पात्रं त्यांची, निकाल फाशांचा — म्हणजे नियमांची डोकेदुखीही माझीच. पुस्तकात दोन्ही वाटा आहेत. सामान धरलं तर खार काही करू शकत नाही, पण तिला काही होतही नाही. जीव धरला तर ती धावते, चावते आणि मरतेसुद्धा.

खार बाबांच्या पात्राची. म्हातारा वैद्य, खांद्याला पिशवी, पिशवीत ती. तिला कोठडीची किल्ली पळवायला पाठवायचं होतं. बाबांचा चेहरा इतका खुलला होता की मी म्हणून बसले, "जीव!" आमच्या टेबलावर दिलेला निकाल फिरत नाही. किल्ली आली, सगळे ओरडले. मीसुद्धा.

९ जुलै
बाबांना ऑपरेशनचं परत विचारलं. हृदयाची झडप बदलायची आहे, डॉक्टर म्हणतात उशीर नको. "बघू." आई गेल्यापासून सगळ्यालाच बघू! जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केली, आणि स्वतःच्या छातीतलं बिघडलं तर बघू! राग येतो. भीती त्याहून जास्त वाटते.

१३ जुलै
मोकळं बोलतात ते फक्त खेळताना. खारीचे लाड तर ऐकत राहावेत — म्हणे तिला पावाच्या कडा आवडत नाहीत, अंधारात झोप येत नाही. डेंटिस्टबाईचा नवरा हसून हसून खुर्चीवरून पडायचा बाकी होता. मला वाटतं, त्या खारीत बाबांना आई दिसते. तिला काही झालं तर हे परत तोंड मिटून बसतील.

आणि पुढच्या शनिवारी ड्रॅगन. त्याच्या ज्वाळांत सापडलेला प्रत्येक जीव भाजतो, पिशवीतलाही. जीव कोणी म्हटलं? मीच! आपलेच दात, आपलेच ओठ.

१९ जुलै
डेंटिस्टबाईला फोन केला. "खारीचा फासा कोणाला न दाखवता टाकू, आणि वाचली म्हणू? एकदाच."
"काकांना कळेल. मग ते परत खेळायला बसतील?"
बरोबर बोलते मेली.

२० जुलै
ज्वाळा आल्या. खारीचा फासा हातात घेतला.

"थांब," बाबा म्हणाले. "सांभाळणारा तिच्यावर आडवा पडू शकतो ना?"

शकतो. दोघांचा मार एकट्याने घ्यायचा. फासा बाबांनीच टाकला. वैद्य मेला. बाबा मात्र खुशीत! "खार वाचली ना? मग झालं."

"नाही झालं!" माझा आवाज चढला. "सांभाळणारा गेला की पाळीव जीव खेळातून बाद. रानात जातो. एकटा. नियमच आहे."

"अगं, पण तिला अंधाराची—"

"माहीत आहे मला!"

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग फासे न आवरताच उठून गेले.

२१ जुलै
सकाळी चहाबरोबर माझ्यापुढे बशी आली. पावाच्या कडा काढलेल्या, लहानपणी काढून द्यायचे तशा. ती खार आई नव्हतीच.

"तुझ्या खोलीतला दिवा अजून रात्रभर चालूच असतो," बाबा म्हणाले. "डॉक्टरांना फोन लाव. तारीख कधीची मिळते, विचार."