पहिलं वाक्य सोडून बाकी सगळं तयार

२ मार्च
कादंबरी आधी सुचते की तिची अर्पणपत्रिका? या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही. माझ्या बाबतीत अर्पणपत्रिका आधी सुचली, एवढं खरं. आज दिवसभर तीच लिहिली. आईला अर्पण केली तर बाबा गप्प होतील, बाबांना केली तर आई बोलेल. शेवटी 'शोषित समाजाला' केली. घरात कुणाचीच हरकत नाही.

३ मार्च
बाबांशी करार झाला. ते ज्या गोदामात वजनकाट्यावर आहेत, तिथे बिलिंग काउंटरची जागा रिकामी आहे. मॅनेजरनं ती महिनाअखेरपर्यंत माझ्यासाठी धरून ठेवलीय. बाबा म्हणाले, आपल्या घरात पहिल्यांदा कुणी ग्रॅज्युएट झालंय, तू म्हणतेस तर लिही. तीस तारखेला तीन प्रकरणं तुझ्या कॉलेजच्या मॅडमना दे. त्या बरी म्हणाल्या तर मी मॅनेजरला नकार कळवतो, वर्षभर लिही खुशाल. नाहीतर काउंटर.
तीन प्रकरणं म्हणजे काहीच नाही. आठवड्याचं काम. उरलेले दिवस परिष्करणाला ठेवले आहेत.

५ मार्च, पहाटे ५
उठले. पहिलं वाक्य झालं: 'ती उठली.' थेट, निर्भीड.

पहाटे ५.२०
'ती' म्हणजे कोण, हे वाचकाला कळायला हवं. विचार करण्यासाठी जरा आडवी झाले.

सकाळी ९
आईनं उठवलं.

८ मार्च
टेबलाशिवाय गंभीर लेखन अशक्य आहे, हे आज जेवताना बोलून दाखवलं. संध्याकाळी बाबा गोदामातलं एक टाकाऊ टेबल डोक्यावर घेऊन आले. एक पाय आखूड आहे, डुगडुगतं. पायाखाली अर्पणपत्रिकेचे कच्चे खर्डे घातले. आता हलत नाही. काम वेगात.

११ मार्च
आईनं विचारलं, तुझ्या त्या कादंबरीत आहे तरी काय? (आई पाळणाघरात मुलं सांभाळते, वाचनाशी संबंध नाही.) समाजासाठी लिहायचं तर समाजाला सांगायलाही हवं, म्हणून सांगितलं. लाँड्रीत इस्त्री करणारी एक मुलगी मालकाच्या अन्यायाविरुद्ध उभी राहते. धाकटी बहीण मोबाइल बाजूला ठेवून ऐकत होती. शेजारच्या नर्सकाकू वाटी परत करायला आल्या होत्या, त्या वाटी धरून दारातच टेकल्या.
पहिलं प्रकरण पूर्ण. तोंडी झालंय, पण कागदावर उतरवणं ही निव्वळ हमाली आहे.

१४ मार्च
दुसरं प्रकरण पूर्ण (तोंडी). नर्सकाकू आज स्वतःचं ताट घेऊनच आल्या. बाबांनी विचारलं, त्या पोरीला पगार तरी वेळेवर देतो का तो? मी म्हटलं, तोच तर मुद्दा आहे. बाबांनी घास खाली ठेवला. साहित्याची ताकद ती हीच.
लेखी: 'ती उठून बसली.' बदल छोटा वाटतो, पण महत्त्वाचा आहे.

१८ मार्च
सर्दी. लेखकाला शरीर ही मोठीच अडचण आहे.
नर्सकाकूंनी गोष्ट वॉर्डात सांगितली म्हणे. तिथल्या एका आजोबांनी निरोप पाठवलाय की उद्या माझं ऑपरेशन आहे, शेवट आजच कळवा. सुखान्त आहे, असं कळवलं. वाङ्मयीन तडजोड, पण माणुसकी म्हणून केली. प्रकाशनाआधीच वाचकवर्ग वाढतोय. हे फार थोड्यांना जमतं.

२१ मार्च
निश्चय: तोंडी प्रकरणं आजपासून बंद. फक्त लेखन. जेवताना जाहीर केलं. धाकटी म्हणाली, म्हणजे मालक तिला लाँड्रीत कोंडून गेला, तो गेलाच? आई म्हणाली, तुझी गोष्ट आहे बाई, आम्ही कोण विचारणार. आणि भांडी नेहमीपेक्षा जोरात घासली.
लेखी: 'ती उठली होती.' अशानं खोली येते.

२३ मार्च
टेबलाशी बसले होते, तर स्वयंपाकघरातून हसण्याचे आवाज. जाऊन पाहिलं. आई माझी कादंबरी पुढे सांगत होती. कोंडलेल्या नायिकेनं गिऱ्हाइकांच्या चादरींना गाठी मारल्या होत्या आणि ती मागच्या खिडकीतून लोंबकळत होती. शिवाय लाँड्रीसमोरचा एक गुरांचा डॉक्टर मध्ये आणला होता. मी स्पष्ट सांगितलं, माझ्या नायिकेला कुणा पुरुषाच्या आधाराची गरज नाही. नर्सकाकू म्हणाल्या, अगं आधार कसला, तो नुसता खाली उभा आहे, चादरी ताणून. धाकटी म्हणाली, ताई, तू जा ना, लिहीत बस.
प्रचंड राग आला. राग ही लेखकाची ऊर्जा असते.
लेखी: काही नाही. ऊर्जा साठतेय.

२७ मार्च
टोपणनाव ठरलं. दुपारभर सही बसवली. तीन दिवस, तीन प्रकरणं. हिशेब इतका सरळ आजवर कधीच नव्हता.

२९ मार्च
मॅडमचा फोन. म्हणाल्या, उद्या तुमच्याच बाजूला येतेय, घरी येऊनच प्रकरणं घेते. मी म्हटलं, जरूर या. मग घर आवरलं. लेखिकेचं घर वाटायला हवं.

३० मार्च, संध्याकाळ
मॅडम आल्या. बाबा लवकर घरी येऊन धुतलेला शर्ट घालून बसले होते. मी पान पुढे केलं. त्यावर टोपणनाव, अर्पणपत्रिका आणि 'ती उठली.' (मूळ रूपच योग्य होतं.) मॅडमनी पान उलटून पाहिलं. मागे काही नव्हतं. बाबा मॅडमच्या चेहऱ्याकडे बघत होते.
तेवढ्यात आई म्हणाली, मॅडम, पुढचं सगळं आहे, मी सांगते ना. मला वाचवायलाच म्हणाली असणार. आणि सुरू झाली. नायिका खिडकीशी पोचेपर्यंत मॅडमच्या चहावर साय आली. शेवटी त्यांनी विचारलं, मग डॉक्टर चादरी सोडतो की काय? आई म्हणाली, ते उद्या.
जाताना मॅडम मला म्हणाल्या, कादंबरी छान आहे, पण ती तुझ्या आईकडे आहे. तुझी पानं झाली की ये.
'पानं झाली की.' म्हणजे दार बंद नाही.
बाबा त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडून आले. टेबलाच्या पायाखालचा कागद सरकला होता, तो वाकून नीट बसवला आणि आत गेले. मग मलाच दाराकडे बघवेना.

३१ मार्च
बाबांनी तोंड उघडायच्या आत मीच सकाळी गोदामात जाऊन मॅनेजरला हो सांगून आले. त्यांनी विचारलं, लिहिता-वाचता येतं ना नीट? मी म्हटलं, वाचता येतं. उद्यापासून काउंटर. परतताना वजनकाट्यावर बाबा दिसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग विनाकारण एका ट्रक ड्रायव्हरवर ओरडले.
संध्याकाळी जेवणं झाल्यावर सवयीनं टेबलाशी बसले. आतून आईनं हाक मारली, येतेस का गं, तुझ्यासाठी थांबलोय. पेनाला टोपण लावलं आणि जाऊन धाकटीशेजारी खाली बसले. तिनं सरकून जागा दिली. डॉक्टरनं चादरी सोडल्या की नाही, मला खरंच माहीत नव्हतं.