टप म्हणजे मेंढा

सोनपेठ,
११ जानेवारी १९८०

चि. अंगद यास पंचफुलाताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे बरे. आईचा गुडघा थंडीनं धरलाय, तरी ती मेंढरांमागं जातेच. ऐकेल तर ती भागुबाई कसली. काळ्या मेंढीला दोन पिल्लं झाली. नामांतराच्या गडबडीत गाड्या बंद पडल्या आणि तू दिवाळीला आला नाहीस, म्हणून करंज्या डब्यात ठेवल्या होत्या. शेवटी दादांनीच संपवल्या.

तुझं पत्र मिळालं. औरंगाबादच्या होस्टेलात इंग्रजी अक्षरांच्या ठोकळ्यांचा खेळ तू जिंकलास, वाचून छाती फुगली. दादा म्हणाले, ठोकळे खेळायला पाठवलंय का त्याला? पण पत्र दोनदा वाचून घेतलं.

त्या खेळातले तू पाठवलेले नवे शब्दही पाठ केले. टप म्हणजे मेंढा, टेग म्हणजे दुसऱ्या वर्षातली मेंढी, यीन म्हणजे मेंढीनं विणं. झो म्हणजे याक आणि गाईचं वासरू. ते मी कुठं बघणार? दोन वर्षांत तू तीनशेच्या वर शब्द पाठवलेस. सगळे मेंढरं राखताना पाठ केले. साहेबाच्या भाषेत मेंढरांना इतकी नावं, म्हणजे ही भाषा आपल्यासाठी अवघड नाही, असं वाटायचं.

दहावी झाली की बालवाडीवर लागायचं आणि माहेरीच राहायचं, असं दादांशी ठरलं होतं, तुला ठाऊक आहे. तू निकालाचं विचारलंयस. मराठीत एकसष्ट, गणितात पंचेचाळीस. इतिहासातही बरे आहेत.

इंग्रजीत अठरा.

पेपरात रजेचा अर्ज होता. आजारी असल्यामुळे येऊ शकत नाही, एवढं वाक्य मला जमेना. कोरा कागद कसा द्यायचा? मग तुझे चाळीस शब्द एकाखाली एक, अर्थासकट लिहिले. बाहेर आले तेव्हा वाटत होतं, तपासणारा थक्क होईल. ज्याला अवघड शब्द येतात त्याला सोपं येणारच, असं आपण दोघंही धरून चाललो. श्रावणात मी अर्जाचा नमुना मागितला होता. तू आणखी नव्वद शब्द पाठवलेस. तेव्हा राग आला होता, अंगद. अजून आहे.

बालवाडीची जागा किशनरावांच्या सुनेला मिळाली. निकाल ऐकून दादांनी गुणपत्रिका घडी करून माझ्या हातात दिली. मग म्हणाले, “तीन खेपा बसलीस, पोरी. आता नांदायला जायलाच पायजे.” म्हणताना त्यांचेही डोळे भरले होते, पण म्हणाले.

संक्रांत झाली की ते सासरहून न्यायला येणार आहेत. माझं उजवं मनगट अजून पुरतं वळत नाही. तुला कळवलं होतं तशी मी विहिरीवर घसरले नव्हते. आईला आधीच ठाऊक होतं. दादांना परवा सांगितलं, तर उठून मेंढरांकडे गेले. मला जायची फार भीती वाटते.

तिकडं शब्द पाठवू नको. आलेलं पत्र सासरे मास्तरांकडून वाचून घेतात आणि उत्तर काय लिहायचं तेही सांगतात. ताई सुखी आहे का, असं विचारू नको. आहे, असंच उत्तर येईल, आणि अक्षर माझंच असेल.

अभ्यास सोडू नको.

नांदायला निघालेली,
तुझी ताई
पंचफुला