दोघं बरोबर आहात का?

केम्निट्झ, जर्मनी
२० जानेवारी १९९६

ती. मंगलाताईंना,
कोकिळाचा वाकून नमस्कार.

तुमचं पत्र परवा मिळालं. पाकिटातल्या तिळगुळाचा चुरा झाला होता, पण पोचला. आम्ही कागद झटकून झटकून खाल्ला.

इकडे सगळं ठीक आहे. थंडी अशी, की गॅलरीत वाळत घातलेला टॉवेल पापडासारखा कडक होतो. यांचं कारखान्यात बरं चाललंय. नवे माग जुळवून त्यांची चाचणी घ्यायचं काम आहे. साहेब यांच्यावर खूश आहेत.

मी आठवड्यातून दोनदा भाषेच्या वर्गाला जाते. चर्चच्या मागे एक हॉल आहे, तिथे. केलरबाई शिकवतात. बहुतेक व्हिएतनामी बायका आहेत, आपल्याकडची मी एकटीच. नाताळच्या आधीपासून प्रवासाचा धडा चालू आहे. इथल्या ट्राममध्ये कंडक्टर नसतो, ताई. स्टॉपवरच्या मशीनमधून तिकीट काढायचं आणि आत चढलं की दांड्यावर एक लहानशी पेटी असते, तिच्यात ते घालून शिक्का उमटवून घ्यायचा. शिक्का नसेल तर तिकीट असून नसल्यासारखं. मला आता जमतं ते.

हे हल्ली कारखान्यात पायीच जातात. तब्येतीला चांगलं असतं म्हणतात.

थोडं पडसं आहे, म्हणून इथेच थांबते. तुम्ही शाळेच्या दगदगीत जेवणाची आबाळ करू नका.

तुमची,
कोकिळा


बुधवारा, बुऱ्हाणपूर
५ फेब्रुवारी १९९६

चि. सौ. कोकिळेस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. रविवारी निंबोल्याला तुझ्या माहेरी जाऊन आले. सगळे मजेत आहेत. तुझ्या आईने केळीचा अख्खा घड बसमध्ये चढवून दिला. मी एकटी बाई किती खाणार? आळीत वाटून टाकला. आई सारखी विचारत होती, पोरगी खूश आहे ना? मी हो म्हणाले.

आता तू सांग, मी खरं बोलले का?

मधू तब्येतीसाठी पायी जातो म्हणतेस. आई गेल्यावर ज्या पोराला मी हाताने वाढवलं, तो चौकातून दही आणायलासुद्धा सायकल काढायचा. तो बर्फात हौसेने चालेल? माझ्याशी तरी असं फालतू बोलू नकोस, बाई.

त्याचंही पत्र आलं. दोन पानं नुसती हवामानावर. आधी दर चार ओळींनी ‘कोकिळा म्हणते’ असायचं. या खेपेला तुझं नावच नाही.

चूक कोणाची, हे मी विचारत नाही. भाऊ माझा आहे म्हणून त्याचीच बाजू घेईन, असंही समजू नकोस. पण जे काय अडलंय ते आधी त्याच्याशी बोल. मला लिहून मोकळी होशील आणि घरात तसंच राहील, तर त्याचा काही उपयोग नाही.

तुझी,
मंगलाताई


केम्निट्झ
१४ मार्च १९९६

ती. मंगलाताईंना,
कोकिळाचा नमस्कार.

तुमचं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उशीर झाला, कारण तुम्ही सांगितलेलं आधी करायचं होतं आणि ते करायला तोंड उघडत नव्हतं.

नाताळच्या सुट्टीत यांच्या साहेबांनी चहाला बोलावलं होतं. मी लग्नातली जांभळी साडी नेसले होते. स्टॉपवर आलो आणि हे मशीनपुढे उभे राहिले. एवढा इंजिनियर माणूस, पण त्या पडद्यावरचं एक अक्षर कळेना. मागे रांग लागली. मी म्हटलं, “मी दाबू का? वर्गात दाखवलंय.” हे म्हणाले, “चार शब्द शिकलीस म्हणून मला शिकवू नकोस.” मराठीतच म्हणाले, मागच्या कोणाला कळलं नसणार. पण आवाज सगळ्यांना कळतो ना, ताई.

शेवटी दोन तिकिटं निघाली. ट्राममध्ये चढल्यावर मी माझ्या तिकिटावर शिक्का मारला आणि यांच्यापुढे हात केला, “तुमचंही द्या.” हे म्हणाले, “पैसे भरलेत ना? झालं तर मग.” एकच जागा रिकामी होती, तिथे मला बसायला सांगितलं आणि हे दारापाशी जाऊन उभे राहिले.

पुढच्या स्टॉपवर साध्या कपड्यातला तपासनीस चढला. यांनी तिकीट दाखवलं. तो मान हलवायला लागला. हे इंग्रजीत समजावून सांगत होते. मला सगळं ऐकू येत नव्हतं, पण यांची मान खाली जाताना दिसत होती. डब्यातले लोक बघत होते आणि मी खिडकीबाहेर बघत होते.

मग तो माझ्याकडे आला. माझं तिकीट पाहिलं, चांगलं आहे म्हणाला. आणि यांच्याकडे बोट करून जर्मनमध्ये विचारलं, “तुम्ही दोघं बरोबर आहात का?”

ताई, मला प्रश्न शब्दन् शब्द कळला. सुट्टी लागायच्या आधीच केलरबाईंनी हेच वाक्य घोकून घेतलं होतं. हो, हे माझे यजमान आहेत, आम्ही नवीन आहोत, यांना माहीत नव्हतं, एवढंही मला सांगता आलं असतं. मी “नाइन” म्हणाले. नाही.

त्याने यांना पुढच्या स्टॉपवर उतरवलं. ट्राम सुटली. मी तशीच बसून होते. त्याच्या पुढच्या स्टॉपवर उतरले आणि रुळांच्या कडेने चालत मागे आले. हे दंडाची पावती हातात घेऊन उभे होते. म्हणाले, “काय विचारत होता तुला?” मी म्हटलं, “तिकीट कुठून काढलं म्हणून.” हे बरं म्हणाले. साहेबांकडे आम्ही गेलोच नाही. त्या दिवसापासून हे ट्राममध्ये चढले नाहीत.

तुमचं पत्र आल्यावर दोन रविवार मी गप्प बसले. गेल्या रविवारी जेवणं झाल्यावर हे बूट पुसत होते, तेव्हा सांगून टाकलं. हात न थांबवता म्हणाले, “कोकिळा, नाइन मला पहिल्या दिवसापासून कळतं.”

मग दुसरा बूट घेतला. नंतर म्हणाले, “तुझ्याकडे यायच्या आधी त्याने मलाच विचारलं होतं. ती बाई तुमची का म्हणून. मी नाही म्हणालो. बायकोचं तिकीट बरोबर आणि आपलं चूक, हे त्याला कळू नये असं वाटलं.”

हे ऐकून मला हलकं वाटायला हवं होतं. दोघांनीही तेच केलं, फिट्टंफाट झाली. पण तसं झालं नाही. यांनी लाजेपोटी नाही म्हटलं. मी नाही म्हटलं तेव्हा, ताई, मला आतून बरं वाटलं होतं. मशीनपुढचं ते बोलणं मनात होतं आणि वाटलं, बघा आता. नंतर तो माणूस यांचा हात धरून यांना उतरवत होता, तोपर्यंत ते बरं वाटणं टिकलं. हे मी यांना अजून सांगितलेलं नाही. तुम्हालाही लिहू की नको करत होते.

सोमवारी हे पुन्हा पायीच गेले. मीही कोट घालून निघाले. नको म्हणाले नाहीत. कारखान्याच्या फाटकापर्यंत आम्ही गेलो. काल संध्याकाळी पेपर वाचता वाचता यांनी विचारलं, “तुमच्या त्या वर्गात पुरुषांना घेतात का?” मी म्हटलं, विचारते. केलरबाईंना सांगताना ‘माझे यजमान’ म्हणायला मला दोनदा प्रयत्न करावा लागला. शब्द अवघड नाही.

माझ्या आईला यातलं काही सांगू नका. आणि माझ्यावर रागावलात तर खुशाल रागवा, पण पत्रात तसं लिहा. गप्प राहू नका.

तुमच्या भावाची बायको,
कोकिळा