उतारावरची खाजरी

पुणे, १२ ऑगस्ट २०२४

ती. सदूकाकांस,
निशिगंधाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि काकू अर्धंच सांगते, म्हणून पत्र. गेल्या वर्षी जूनमध्ये तुम्ही दोघं बाजाराला गेला होतात, तेव्हा मी घरामागच्या उतारावरून शेवळाच्या रानभाजीची दोन फुलं अभ्यासासाठी नेली. काका, ती वेगळ्याच जातीची निघाली! आजवर सगळ्यांनी तिला शेवळंच समजून नोंदलं. यंदा खालापूरपर्यंतचे डोंगर पालथे घातले, दुसरीकडे कुठेच नाही. पण फळ पाहिल्याशिवाय नवी जात म्हणून कुणी मान्य करणार नाही. गौरी-गणपती झाले की येते. तोवर उतारावरची शेवळं जपा.

काकूला नमस्कार. लोभ आहेच, तो वाढवा.
निशिगंधा


कोंडाणे, २४ ऑगस्ट

चि. निशिगंधा हिस,
काका-काकूंचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून छाती फुगली. काळजी करू नकोस गं, शेवळं जपली आहेत. त्यांच्यात खाजरी माजली होती. दिसायला शेवळासारखीच, पण दांड्यावर ठिपके नसतात. भाजीत खाज मारायला काकडाच्या झाडाची फळं कितीही घाला, घसा खाजतोच. चुकून कुणाच्या टोपलीत जाऊ नये म्हणून आम्ही ती दर पावसात उपटतो. या वेळी आपल्या गड्याला, गोमाला घेऊन दोन दिवस बसलो, जमिनीतल्या कांद्यासकट सगळी काढली आणि भरल्या ओढ्यात सोडली. कंबर धरली, पण उतार स्वच्छ झाला. काकू विचारते, नव्या जातीबरोबर नवरदेवही शोधलास का.

माया असू दे.
सदूकाका


पुणे, ३१ ऑगस्ट

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

कसं लिहू कळत नाही. माझ्या फुलांच्या दांड्यावर ठिपके नव्हते. खाजरी हीच ती जात.

पत्र वाचून दिवसभर रडले. तुमचा दोष नाही. मी शेवळं जपा म्हटलं, तुम्ही शेवळं जपलीत. भिंगातून मला जे दिसलं, ते तुमच्या घशाला पिढ्यान्पिढ्या ठाऊक होतं, आणि मी एकदाही विचारलं नाही. आता दोन वाळलेल्या फुलांवर काही होणार नाही. सगळं संपलं.

माझ्यावरची माया कमी करू नका.
निशिगंधा


कोंडाणे, १४ सप्टेंबर

चि. निशिगंधा हिस,
आशीर्वाद.

गोमाला घेऊन ओढ्याने थेट उल्हास नदीपर्यंत उतरलो. दोन्ही काठ पाहिले. काही नाही. उतार पुन्हा पाहिला, तिथेही नाही. काकू जेवत नाही.

एवढी वर्षं उपटूनही दर साली चार-सहा मागे राहायच्याच, आम्हालाच कंटाळा यायचा. यंदा काम तुझं होतं, म्हणून एकही राहू दिली नाही.

राग धरू नकोस, पोरी.
सदूकाका