वाळलेल्या पीचखालची माती

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का, की अजून रुसलेलाच आहे?

मागच्या दाराची पायरी आठवते? एक पीच दोघांत. गर तू खायचास, कोय चोखायला माझ्या हातावर ठेवायचास आणि वर म्हणायचास, "न्याय झाला." त्यातलीच एक मी पुरली होती. झाड आलं, फळलं आणि ऐन भरात उभ्या उभ्या वाळलं. त्याचा राग मी अजून काढते आहे. माझी नोकरी म्हणजे एवढंच.

(वहिनीसाठी: बागांतलं पीचचं झाड जोडलेलं असतं. वर गोड फळाचं कलम, खाली मुळांचा खुंट. कौतुक वरच्याचं, मरण येतं खालून. आपल्या घरात दादा कलम होता.)

मी संकर करून नवे खुंट घडवते आणि त्यांची परीक्षा घेते. मेलेल्या झाडांखालची, मुळं पोखरणाऱ्या सूत्रकृमींनी भरलेली माती कुंड्यांत घालायची आणि तीत रोपं लावायची. तगेल ते आपलं. यंदा रजेवरून परतले तर एकूण एक रोप तरारलेलं! साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मला घाम फुटला. माळीबुवा लाजत म्हणाले, "बाई, माती पार सडकी होती हो. टाकून दिली. घरचं शेणखत घालून नवी भरली." (रागावणार तरी कशी? कुंड्यांना गेरूसुद्धा लावला होता.) आता चिवट कोण आणि लाडावलेलं कोण, काही कळायला मार्ग नाही. बागेतली मेलेली झाडं साहेबांनी केव्हाच उपटून तिथे गाड्या लावायची सोय केली, म्हणजे तसली माती पुन्हा आणायची तर इथे उरलीच नाही. पुढच्या वर्षी मी निवृत्त. "मॅडम, आता आराम करा," म्हणतात. करीन. माझ्यामागे उभा राहील असा एक खुंट हाती लागू दे, मग करीन.

तुझी धाकटी

ता.क. तुझ्या परसातलं पीच वाळलं तेव्हा फोनवर मी फार हळहळले. (खरं सांगते, रिसीव्हर ठेवून उडी मारली.) त्याच्या बुंध्याखालची माती गोणीत भरून पाठव. वहिनीला ती चाळू देऊ नकोस. नखांत माती म्हणून मला वर्गाबाहेर उभं करणाऱ्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टर आज हव्या होत्या.

पुन्हा ता.क. गोणी राहू दे. रोपं घेऊन मीच येते, मुक्कामाला. मागची खोली आणि वाळलेल्या पीचची ती जागा, दोन्हींना हात लावू नका.

शेवटचं. पहिलं मरेल ते रोप साहेबांना, टेबलावर ठेवायला. तगेल त्याचं एक पिल्लू माळीबुवांना, शेणखत घालायची पूर्ण मुभा देऊन. मूळ झाड तुझ्या परसात. त्यावर मी कलम बांधीन. पहिल्या फळाचा गर अर्धा वहिनीला, अर्धा मला.

कोय तुला. न्याय झाला.